सिक्स सिग्माचा बेल्ट: विकत घ्यायचा की कमवायचा?

सिकंदराबादच्या सैनिकपुरीतून मी तुमच्याशी बोलतो आहे. ज्यांनी आधीचे भाग पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी माझी थोडक्यात ओळख. बी.एस्सी. करून सैन्यात गेलो. आर्मी सर्व्हिस कोअर मिळालं, म्हणजे राशन, पेट्रोल आणि गाड्या यांच्या हिशेबात नोकरी झाली. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि मग सात वर्षं इथल्याच एका खासगी रुग्णालयात प्रशासनाचं काम केलं.

आजच्या विषयाचं माझ्यावर थोडं कर्ज आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या जुन्या युनिटमधल्या एका सुभेदारसाहेबांचा साताऱ्याहून फोन आला. (सैन्याबाहेरच्या प्रेक्षकांना सांगतो, आम्ही अधिकारी जेसीओंना साहेबच म्हणतो.) ते नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "सर, एक कोर्स आहे. लीन सिक्स सिग्मा ब्लॅक बेल्ट. तीन दिवसांचा, ऑनलाइन. अठ्ठेचाळीस हजार फी आहे. करू का?" मी तेव्हा बँकेच्या रांगेत उभा होतो. म्हणालो, "करा साहेब, हल्ली कंपन्यांना हे लागतं." अर्ध्या मिनिटात विषय संपला.

दोन महिन्यांनी ते एका मोठ्या गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. समोर त्यांच्या मुलीच्या वयाची अधिकारी होती. तिनं प्रमाणपत्र पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, ब्लॅक बेल्टसाठी तुम्ही कोणता प्रोजेक्ट केला? आधी किती होतं, नंतर किती झालं?" सुभेदारसाहेबांनी पुन्हा प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं. तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मुलाखत तिथंच संपली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. तक्रार नव्हती. एवढंच म्हणाले, "सर, तिचा प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडं नव्हतं."

मंडळी, उत्तर माझ्याकडेही असायला हवं होतं, कारण सल्ला मी दिला होता. म्हणून आज नीट बोलू. सिक्स सिग्मा म्हणजे काय, हे बेल्ट कोण देतं, त्यांची किंमत कशात असते, आणि पैसे भरण्याआधी काय विचारायचं.

फायरिंग रेंजवरचा सिग्मा

'सिग्मा' हे ग्रीक अक्षर आहे. संख्याशास्त्रात ते विखुरलेपणाचं माप म्हणून वापरतात. पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवू आणि रेंजवर जाऊ.

नवा जवान निशाण्यावर पाच गोळ्या झाडतो. उस्ताद टार्गेटजवळ जातो आणि आधी ग्रुप बघतो. पाचही गोळ्या एका मुठीत मावतील इतक्या जवळ लागल्या आहेत का? समजा लागल्या आहेत, पण सगळ्या डावीकडे खाली. उस्ताद खूश होतो. तो रायफलचं साइट थोडं फिरवतो आणि पुढच्या पाच गोळ्या मध्यभागी जातात. याला आम्ही झिरोइंग म्हणतो.

दुसऱ्या जवानाची एक गोळी बरोबर मध्यभागी, बाकी चार चार दिशांना. तो हसत असतो, कारण त्याला बुल मिळालेला असतो. उस्ताद मात्र कपाळाला हात लावतो. इथं साइट फिरवून काही होणार नाही. त्याची पकड, श्वास, ट्रिगर दाबायची पद्धत, सगळं पुन्हा शिकवावं लागेल.

कामाचंही तसंच असतं. एखाद्या दुकानातून माल सरासरी दोन दिवसांत येतो. पण कधी त्याच दिवशी, तर कधी सहा दिवसांनी. सरासरी चांगली दिसते, गिऱ्हाईक मात्र वैतागतं, कारण त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, त्याचा स्वतःचा दिवस येतो. हे विखुरलेपण जितकं कमी, तितकं काम भरवशाचं.

आता 'सिक्स' कुठून आलं? टार्गेटच्या मध्यापासून चालेल त्या शेवटच्या रेषेपर्यंतचं अंतर घ्या. त्यात तुमच्या विखुरलेपणाची, म्हणजे सिग्माची, किती मापं बसतात ते मोजा. तीन बसली तर थ्री सिग्मा, सहा बसली तर सिक्स सिग्मा. चूक होऊ शकेल अशा १० लाख संधी धरल्या, तर थ्री सिग्मा कामात ६६,८०७ चुका होतात, फोर सिग्मात ६,२१०, फाइव्ह सिग्मात २३३ आणि सिक्स सिग्मात ३.४.

एक बारकावा सांगून ठेवतो, कारण मुलाखतीत हा विचारतात. ३.४ हा आकडा निव्वळ सहा सिग्माचा नाही. काळ जाईल तसं कुठलंही काम मध्यापासून थोडं सरकतं, हे गृहीत धरून दीड सिग्माची सूट आधीच दिलेली आहे. वरचे बाकीचे आकडेही ती सूट धरूनच काढलेले आहेत. ती नसती तर चुका याहून कितीतरी कमी निघाल्या असत्या.

आणि "आमचं काम ९९ टक्के बरोबर असतं" असं कुणी अभिमानानं म्हणालं, तर १० लाखांमागे दहा हजार चुका हा हिशेब मनात करा. घरी वर्तमानपत्र टाकणाऱ्याला ९९ टक्के पुरे. रक्तपेढीला पुरत नाही.

हे आलं कुठून

१९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण तक्ता मांडला. मधे एक रेघ, वर-खाली मर्यादेच्या दोन रेघा, आणि रोजचं माप एकेक ठिपका. ठिपके रेघांच्या आत असतील तर उगाच हात घालू नका, बाहेर गेला तर कारण शोधा. आज शंभर वर्षांनीही हा तक्ता तसाच वापरतात. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. त्यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले होते. म्हणजे ही विद्या आपल्याला काल-परवा कुणी सॉफ्टवेअरवाल्यानं दिलेली नाही.

'सिक्स सिग्मा' हे नाव १९८६ मध्ये मोटोरोलात आलं. बिल स्मिथ या अभियंत्याकडे त्याचं श्रेय जातं. १९८८ मध्ये त्या कंपनीला अमेरिकेचं मॅल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पारितोषिक मिळालं. १९९५ पासून जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ते सक्तीनं राबवलं आणि मग हे नाव जगभर गेलं. 'लीन'चं मूळ वेगळं आहे. ते टोयोटाचं, ताइइची ओनो यांचं. तिथं भर वाया जाणाऱ्या गोष्टींवर आहे: थांबणं, उगाच हालचाल, नको इतका साठा, पुन्हा करावं लागणारं काम. सिक्स सिग्मा विखुरलेपण कमी करतं, लीन वाया जाणं कमी करतं. पुढं दोन्हींची जोडी जमली आणि 'लीन सिक्स सिग्मा' झालं.

रुग्णालयातला माझा धडा

पद्धतीचे पाच टप्पे आहेत: डिफाइन, मेजर, अॅनलाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल. आद्याक्षरं जोडून डीएमएआयसी. मराठीत सांगायचं तर दुखणं ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, टिकवा. ऐकायला शाळेतल्या पाठासारखं वाटतं. करताना कसं लागतं ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

आमच्या रुग्णालयात एक रोजचं भांडण होतं. सकाळी दहाला डॉक्टर म्हणायचे, "आज घरी जा." रुग्ण घरी जायचा संध्याकाळी. नातेवाईक बिलिंगच्या खिडकीवर ओरडायचे, आणि खाली तातडीच्या विभागात नवा रुग्ण खाटेची वाट बघत स्ट्रेचरवर पडलेला असायचा.

दुखणं ठरवा. मी पहिल्याच बैठकीत म्हणालो, "डिस्चार्ज लवकर करायचा." आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. "कर्नलसाहेब, लवकर म्हणजे किती? कुठून कुठपर्यंत?" मग लिहिलं: डॉक्टरांनी 'घरी सोडा' लिहिल्यापासून खाट रिकामी होईपर्यंतचा वेळ.

मोजा. तीन आठवडे साठ रुग्णांचा वेळ लिहिला. प्रत्येक टप्प्याची वेळ घड्याळ बघून. सरासरी निघाली ५ तास ४० मिनिटं. पण एक रुग्ण दोन तासांत गेलेला आणि एक साडेनऊ तासांनी. ग्रुप विखुरलेला होता.

कारण शोधा. सगळ्यांचं एकमत होतं की विमा कंपनीची मंजुरी उशिरा येते. मीही तेच म्हणायचो. म्हणून आम्ही रोखीचे रुग्ण वेगळे काढले. त्यांना मंजुरी लागतच नाही. तरी त्यांनाही जवळपास तेवढाच वेळ लागत होता. खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. टप्प्यांच्या वेळा बघितल्या तेव्हा दोन जागा सापडल्या. डिस्चार्ज समरी लिहिणारे निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून दुपारी सुटायचे, तोवर कागद पडून. आणि न वापरलेली औषधं फार्मसीला परत करायचं काम बिलिंगचा फोन आल्यावर सुरू व्हायचं.

सुधारा. उद्या कोण घरी जाणार याची यादी आदल्या संध्याकाळी. समरीचा मसुदा त्याच रात्री. औषधं सकाळी राउंडच्या आधी परत. नवी माणसं घेतली नाहीत, नवं यंत्र घेतलं नाही. दोन महिन्यांनी सरासरी ३ तास १० मिनिटांवर आली, आणि पाच तासांवर जाणारे रुग्ण मोजके उरले.

टिकवा. इथं मी आपटलो. चार महिन्यांनी त्या मजल्याच्या मुख्य परिचारिका दुसरीकडे गेल्या आणि आदल्या संध्याकाळची यादी बंद पडली. वेळ पुन्हा चढली. मला ते पाच आठवड्यांनी कळलं, कारण भिंतीवरचा तक्ता भरायचं कामही त्याच करत होत्या. सुधारणा आम्ही एका भल्या बाईच्या खांद्यावर ठेवली होती, ती कामाच्या पद्धतीत बसवलीच नव्हती. मग यादी रात्रपाळीच्या हस्तांतरणाच्या नोंदवहीतच घातली. ती भरल्याशिवाय पाळी बदलत नाही. तेव्हा कुठं ती टिकली.

हे सगळं मला तीन दिवसांच्या वर्गात कुणी शिकवू शकलं असतं का? पाच टप्प्यांची नावं शिकवली असती. रोखीचे रुग्ण वेगळे काढायची बुद्धी कामातच आली, आणि ती सुद्धा मागे शिकवणारं माणूस उभं होतं म्हणून.

बेल्टचे रंग

कराटे-जुडोतून हे बेल्ट उचलले आहेत. यलो बेल्ट म्हणजे भाषा कळते, टीममध्ये माप घेण्याचं काम करता येतं. ग्रीन बेल्ट म्हणजे स्वतःची नोकरी सांभाळून एखादा प्रोजेक्ट पार पाडणारा. ब्लॅक बेल्ट म्हणजे हेच मुख्य काम असलेला, मोठे प्रोजेक्ट चालवणारा आणि ग्रीन बेल्टना हाताशी धरणारा. मास्टर ब्लॅक बेल्ट शिकवतो आणि कुठलं दुखणं आधी धरायचं ते ठरवायला वरिष्ठांना मदत करतो. म्हणजे रंग कामातल्या जबाबदारीचा आहे. सैन्यात कुणी तीन दिवसांचा वर्ग करून सुभेदार होत नाही. ती रँक वर्षानुवर्षं माणसं सांभाळून मिळते.

मग शिक्का कोणाचा खरा?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वकिलाला बार कौन्सिल आहे, डॉक्टरला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे. सिक्स सिग्माला अशी एकच सर्वोच्च संस्था जगात कुठंही नाही. बेल्ट कंपनी देते, विद्यापीठ देतं, व्यावसायिक संघटना देते, आणि एका खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला माणूसही देतो. कायद्यानं त्याला कुणी अडवत नाही. म्हणून "जगभर मान्यताप्राप्त" हे शब्द दिसले की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाची मान्यता?

चांगल्या संस्था काय मागतात ते बघा. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी, म्हणजे एएसक्यू, ही १९४६ पासूनची संघटना आहे. त्यांच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसायलाच पूर्ण केलेले दोन प्रोजेक्ट लागतात, सहीच्या प्रतिज्ञापत्रासह, किंवा एक प्रोजेक्ट आणि तीन वर्षांचा संबंधित अनुभव. मिळालेलं प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या गुणवत्ता नियंत्रण विभागांमार्फत ग्रीन आणि ब्लॅक बेल्टचं प्रशिक्षण चालतं. आमच्या हैदराबादेतही त्यांचा विभाग आहे.

काही ठिकाणी फक्त परीक्षा असते, प्रोजेक्टची अट नसते. ते खोटं नसतं. ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा पास झाल्याचा तो कागद आहे, असं समजावं. नियम माहीत आहेत हे त्यातून कळतं, गाडी घाटातून आणता येते की नाही ते कळत नाही.

आणखी एक सापळा. "आयएसओ प्रमाणित बेल्ट" अशी जाहिरात दिसते. या विषयावर आयएसओची मानकं आहेत हे खरं. आयएसओ १३०५३ हे २०११ चं मानक डीएमएआयसी पद्धतीबद्दल आहे आणि आयएसओ १८४०४ हे २०१५ चं मानक बेल्टधारकांना काय यायला हवं याबद्दल. पण आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ना माणसाला ना संस्थेला. ती फक्त मानकं लिहिते. त्यामुळे "आयएसओनं दिलेला बेल्ट" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

या विषयात मुंबईच्या डबेवाल्यांचं नाव निघतंच. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये त्यांच्यावर लेख आला आणि पुढं "डबेवाल्यांना सिक्स सिग्मा मिळालं" ही गोष्ट घरोघर गेली. तेव्हाची त्यांची सुमारे पाच हजार माणसं कुठल्या परीक्षेला बसली नव्हती. झाकणावरची खूण, ठरलेली लोकल, ठरलेला फलाट, गटातला एक जास्तीचा हात आणि आपल्या गटाची अब्रू, यावर त्यांचं काम उभं आहे. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं त्यांच्यावर अभ्यास लिहिला. बेल्ट नसलेल्यांकडे बेल्टवाले शिकायला गेले, हे लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ही पद्धत प्रत्येक कुलपाची किल्ली नाही. रोज तेच काम पुन्हा पुन्हा होतं तिथं ती उत्तम चालते. नवं काही शोधायचं असतं तिथं तिचा जाच होऊ शकतो. थ्रीएम कंपनीत २००१ नंतर ती सगळीकडे लावली गेली आणि संशोधकांच्या मोकळेपणावर त्याचा ताण आला. पुढच्या प्रमुखांनी प्रयोगशाळेतला तिचा फास सैल केला. आणि ज्या कंपनीत प्रोजेक्ट म्हणजे माणसं कमी करायचं दुसरं नाव, तिथं कामगार खरं माप कधीच देणार नाही. तोही मूर्ख नसतो.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

कागद-पेन घ्या.

एक. कोर्समध्ये प्रोजेक्ट आहे का? असेल तर कुठं करायचा, तपासणार कोण, सही कोणाची? "नमुना प्रोजेक्ट आम्हीच देऊ" असं उत्तर आलं तर तो गृहपाठ आहे.

दोन. शिकवणाऱ्यानं स्वतः कोणतं काम सुधारलं? आधी किती, नंतर किती? त्यांना हा प्रश्न विचारायची लाज बाळगू नका. उद्या मुलाखतीत तोच तुम्हाला विचारणार आहेत.

तीन. आकडेमोड स्वतःच्या हातानं, स्वतःच्या माहितीवर करून घेतात की फक्त स्लाइड दाखवतात? मिनिटॅब असो की साधं एक्सेल, बोटं तुमची चालली पाहिजेत.

चार. परीक्षा कोण घेतं? जो शिकवतो तोच पास करत असेल आणि शंभरातले शंभर पास होत असतील, तर त्या पास होण्याला किंमत किती?

पाच. फीमध्ये परीक्षा, नापास झाल्यास दुसरी संधी आणि नूतनीकरण येतं का? कोर्स रद्द झाला तर पैसे परत कधी? उत्तर लेखी घ्या.

माजी सैनिकांसाठी सहावा: आधी पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सची यादी बघितली का? निवृत्तीच्या आधीच बघा. घरच्या पैशाला नंतर हात घाला.

आणि कोणी कोणता बेल्ट घ्यावा? नुकतेच पदवीधर झाला असाल तर यलोपुरतं शिका, तेही स्वस्तात. पुस्तकं आणि मोफत व्याख्यानं पुरतात. दोन-तीन वर्षं नोकरी झाली असेल तर ग्रीन, पण आपल्याच कार्यालयातलं दुखणं घेऊन. कामाच्या ठिकाणी प्रोजेक्टची परवानगी आधी मिळवा, कोर्सची फी त्यानंतर भरा. ब्लॅकचं नाव त्यानंतर काढा.

सुभेदारसाहेबांचं पुढं काय झालं

त्या फोननंतर मी त्यांना सिकंदराबादला बोलावलं. दोन दिवस राहिले. अंगणात बसून मी तिचाच प्रश्न विचारला: "साहेब, नोकरीत तुम्ही काय कमी केलं?"

ते म्हणाले, "सर, मी काय कमी करणार? हुकूम पाळले."

मग मी आठवण दिली. आमच्या सप्लाय डेपोत राशनच्या दिवशी सगळ्या युनिट्सच्या गाड्या सकाळी नऊलाच येऊन उभ्या राहायच्या. शेवटची गाडी दुपारी दोनला सुटायची. भाजी उन्हात, जवान उपाशी. हे तेव्हा नायब सुभेदार होते. त्यांनी प्रत्येक युनिटला वेळ वाटून दिली, डाळ-तांदळाची वजनं आदल्या दिवशी करून ठेवली आणि ताज्या मालाचा काटा वेगळा लावला. पुढच्या महिन्यात साडेअकराला डेपो रिकामा दिसायचा. मी तेव्हा पाठ थोपटली आणि विसरून गेलो.

"साहेब, हाच प्रोजेक्ट," मी म्हणालो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण सर, लिहिलेलं काहीच नाही." खरं होतं. गेटच्या रजिस्टरमध्ये गाड्यांच्या वेळा होत्या, पण ते रजिस्टर डेपोचं. सैन्याचे कागद बाहेर आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. आठवणीवर मुलाखत देता येते, बेल्ट मिळत नाही.

म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्यांनी एका लहान शीतगृहात कमी पगारावर नोकरी धरली. अर्जात ब्लॅक बेल्ट लिहिला नाही. पहिल्या महिन्यात कुणाला काही सांगितलं नाही, फक्त एका वहीत प्रत्येक ट्रक आत कधी आला आणि बाहेर कधी गेला ते लिहिलं. तीस दिवसांनी वही मालकापुढं ठेवली. मालकानं ती दोनदा उलटून पाहिली आणि विचारलं, "हे इतका वेळ उभे असतात?" पुढचं काम सोपं नव्हतं, पण दार उघडलं होतं.

सहा महिन्यांनी मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. शीतगृहाच्या भिंतीवर चिकटवलेला ड्रॉइंग पेपर, स्केचपेननं काढलेल्या तीन रेघा आणि त्यांच्या मधे ठिपके. खाली लिहिलं होतं: "सर, आता कुणी विचारलं तर सांगता येईल."

अठ्ठेचाळीस हजार परत आले नाहीत. ते जुनं प्रमाणपत्र अजून त्यांच्या कपाटात आहे. यंदा ते ग्रीन बेल्टच्या परीक्षेला बसत आहेत. फी मालक भरतो आहे.

तुमच्याकडे असं प्रमाणपत्र पडून असेल तर खजील होऊ नका. उद्या कामावर गेलात की एक गोष्ट निवडा, जिथं माणसं वाट बघत उभी राहतात. एक वही घ्या आणि तीस दिवस वेळा लिहा. त्यातून काय निघालं ते मला कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

आणि बँकेच्या रांगेत उभ्या माणसाला सल्ला विचारू नका. तो मी असलो तरी.

जय हिंद.